नवे कार्ड, जुना रस्ता

ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी आपाचा फोन आला. "पोरगा दोन दिवस धड जेवला नाही, जरा येऊन जा." भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांची साठवलेली ईदी, गल्लीतल्या लहान मुलांच्या शिकवणीचे पैसे आणि दूल्हाभाईंनी घातलेली भर, असे सगळे मिळून त्याने संगणकासाठी नवे ग्राफिक्स कार्ड घेतले होते. संगणक जुनाच. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला, २०११ सालचा प्रोसेसर असलेला. कार्ड बसवले, खेळ सुरू केला, आणि जिथे साठ फ्रेम मिळतील म्हणून स्वप्न पाहिले होते तिथे चाळीसही धड मिळेनात. वर अधूनमधून चित्र गोठायचे ते वेगळेच.

मी पोहोचलो तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. "मामू, दुकानदारानं नकली कार्ड दिलं. हे वाचा." मोहल्ल्याच्या ग्रुपसाठी त्याने मजकूर लिहून ठेवला होता. दुकानाचे नाव, पाटीचा फोटो आणि 'फसवणूक' हा शब्द तीनदा. फक्त पाठवायचा बाकी होता. मी म्हणालो, "संध्याकाळी पाठव. आधी मशीन बघू."

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली बारा वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे झाकण उघडायची भीती गेली आहे. त्या दिवशी आम्ही पाच तास बसलो. भाच्याचा एकेक प्रश्न सुटत गेला तसे माझ्या लक्षात आले की प्रत्येक उत्तरामागे एक साल आहे, कुणीतरी पूर्वी खाल्लेली एक ठेच आहे. ग्राफिक्स कार्डाचा इतिहास वेग वाढत गेल्याचा म्हणून सांगितला जातो. मला तो अडथळा जागा बदलत गेल्याचा इतिहास वाटतो. नवे कार्ड घेऊन निराश झालेल्या माणसाला हा दुसरा इतिहास जास्त उपयोगी पडतो.

लाटणारा आणि भाजणारा

सुरुवात १९६७ पासून करू. जीन अ‍ॅम्डाल हे आयबीएमच्या सिस्टीम/३६० या गाजलेल्या संगणकाच्या रचनाकारांपैकी एक. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी इथल्या परिषदेत त्यांनी एक छोटा निबंध मांडला. अनेक प्रोसेसर एकत्र जोडले की काम तितक्या पट लवकर होईल, अशी तेव्हा अनेकांची आशा होती. अ‍ॅम्डाल यांचा मुद्दा साधा होता. कामाचा एक भाग कितीही वेगवान केला, तरी उरलेला भाग जितका वेळ घेतो त्याच्या खाली एकूण वेळ जात नाही. दहा तासांच्या कामातले चार तासांचे काम तुम्ही चुटकीसरशी उरकले, तरी सहा तास लागणारच.

खेळाच्या बाबतीत हा नियम जरा वेगळ्या रूपात दिसतो. एक फ्रेम म्हणजे पडद्यावरचे एक चित्र. ते दोघे मिळून तयार करतात. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे आहे, गाडी कुठे वळली, भिंत पडली की नाही, आणि मग कार्डाला हुकूम देतो. कार्ड ते रंगवते. कार्ड हे चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राच्या तयारीला लागलेला असतो.

आपाच्या स्वयंपाकघरात मी भाच्याला हेच दाखवले. एक जण चपात्या लाटतो, दुसरा भाजतो. लाटणारा मिनिटाला चार लाटतो, तव्यावर मिनिटाला दोन भाजल्या जातात. ताटात मिनिटाला दोनच येणार. आता मोठा तवा आणला, त्यावर मिनिटाला दहा भाजल्या जातात. ताटात किती येतील? भाचा म्हणाला, "चार." बरोबर. दहा नाहीत. नवा तवा अर्ध्याहून जास्त वेळ रिकामाच तापत राहणार, आणि आपण तवा विकणाऱ्याला शिव्या देणार.

म्हणून पहिला प्रश्न 'कार्ड चांगले की वाईट' हा नाही. पहिला प्रश्न हा, की कोण कुणाची वाट बघत आहे.

१९९६ : हे आधीही झाले आहे

१९९६ च्या जूनमध्ये 'क्वेक' नावाचा खेळ आला. त्याचे सगळे त्रिमित जग प्रोसेसर एकटाच रंगवत असे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या 'व्हूडू' चिपची कार्डे बाजारात आली. हे कार्ड फक्त त्रिमित चित्र काढायचे. रोजच्या कामासाठी आधीचे साधे कार्ड तसेच ठेवून दोन्हींमध्ये एक वायर जोडावी लागे. १९९७ च्या जानेवारीत क्वेकची या कार्डांवर चालणारी आवृत्ती आली आणि लोक चकित झाले. चित्र गुळगुळीत झाले होते आणि वेगही वाढला होता.

पण व्हूडू फक्त रंगवण्याचे काम करत असे. त्रिमित जगातला प्रत्येक बिंदू पडद्यावर नेमका कुठे येईल, हे गणित प्रोसेसरकडेच राहिले होते. १९९८ मध्ये 'व्हूडू २' आले. ते इतके दमदार होते की जुन्या पेंटियमवाल्यांना त्याचा पुरा लाभ मिळेना. पेंटियम २ असलेल्यांना तेच कार्ड कितीतरी पुढे घेऊन जाई. म्हणजे आज माझ्या भाच्याचे जे झाले, ते पंचवीसएक वर्षांपूर्वी हजारो घरांत होऊन गेले आहे.

त्या काळाने एक उत्तम चाचणीही दिली. क्वेकमध्ये 'टाइमडेमो' नावाची आज्ञा होती. आधी नोंदवलेला खेळ संगणक शक्य तितक्या वेगाने पुन्हा चालवायचा आणि सेकंदाला सरासरी किती फ्रेम झाल्या ते सांगायचा. परीक्षण करणारे हीच चाचणी ६४० बाय ४८०, मग ८०० बाय ६००, मग १०२४ बाय ७६८ अशी वाढत्या रिझोल्युशनला घेत. रिझोल्युशन वाढले की रंगवायचे ठिपके वाढतात, म्हणजे भार वाढतो तो कार्डावर. प्रोसेसरचे गणित जवळपास तेवढेच राहते. म्हणून रिझोल्युशन वाढवूनही फ्रेम कमी झाल्या नाहीत, तर समजायचे की कार्ड रिकामे बसले आहे आणि अडचण प्रोसेसरकडे आहे.

भाच्याने नेमके उलटे केले होते. वेग वाढावा म्हणून त्याने १०८० ऐवजी ७२० चे रिझोल्युशन लावले होते. आम्ही ते पुन्हा १०८० केले. आधी चाळीस फ्रेम होत्या, आता एकोणचाळीस. चित्र मात्र लख्ख झाले. शेजारी उघडून ठेवलेल्या खिडकीत कार्डाचा वापर पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसत होता आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभराला टेकलेले. लाटणारा घामाघूम, तवा रिकामा.

पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' आणले. बिंदूंचे ते गणितही कार्डाने आपल्याकडे घेतले आणि कंपनीने त्याला जगातला पहिला जीपीयू म्हणून मिरवले. पण ही सोय वापरणारे खेळ तेव्हा मोजकेच होते. पुढे २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये व्हल्कन आले. त्यांनी हुकूम देण्याचा प्रोसेसरवरचा बोजा हलका केला. तरीही गर्दीची हालचाल, पात्रांचे वागणे, वस्तूंची पडझड हे काम बहुतेक खेळांत आजही प्रोसेसरच करतो. म्हणून आम्ही खेळाच्या सेटिंगमध्ये रस्त्यावरची गर्दी आणि किती लांबचे दिसावे हे दोन आकडे खाली आणले. फ्रेम पन्नासच्या जवळ गेल्या. भाच्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला.

रस्ता किती रुंद?

पण चित्र गोठणे थांबले नव्हते. त्यासाठी रस्त्याकडे पाहावे लागले.

कार्ड आणि बाकीचा संगणक यांच्यामध्ये माहिती जाण्यायेण्याचा मार्ग असतो. १९९२ मध्ये पीसीआय आले. सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट, आणि तेही सगळ्या कार्डांत वाटून. १९९७ मध्ये फक्त ग्राफिक्ससाठी एजीपी हा स्वतंत्र मार्ग आला. तो वाढत वाढत २००२ पर्यंत सेकंदाला २.१ गिगाबाइटपर्यंत पोहोचला. मग पीसीआय एक्सप्रेसचा काळ सुरू झाला. त्यात रस्ता लेनमध्ये मोजतात, अगदी हायवेसारखा. पहिल्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला २५० मेगाबाइट जात, दुसऱ्या पिढीत ५००, तिसऱ्या पिढीत सुमारे एक गिगाबाइट, चौथ्या पिढीत सुमारे दोन. ग्राफिक्स कार्डाला साधारणपणे सोळा लेन मिळतात.

साधारणपणे. स्वस्त कार्डांत ही संख्या कमी केलेली असू शकते. २०२२ च्या जानेवारीत आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे त्याचे गाजलेले उदाहरण. चौथ्या पिढीच्या फक्त चार लेन आणि ४ गिगाबाइट मेमरी. नव्या मदरबोर्डवर ते एक वेग दाखवायचे आणि तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर काही खेळांत स्पष्टपणे मागे पडायचे, हे तेव्हाच्या परीक्षणांत दिसून आले.

पीसीआय एक्सप्रेसचा मोठा गुण असा की नवे कार्ड जुन्या बोर्डातही बसते आणि चालते. दोष म्हणाल तर तोही हाच. ते तक्रार न करता चालते. आपला वेग कमी झाल्याचे कुणाला सांगत नाही.

भाच्याच्या कार्डालाही चारच लेन होत्या, हे त्याला ठाऊक नव्हते. २०११ चा बोर्ड दुसऱ्या पिढीचा. हिशेब केला. चार लेन, प्रत्येकी ५०० मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला २ गिगाबाइट. हा आकडा लिहिला आणि मी थांबलो. २००२ च्या एजीपीचा वेग २.१ होता. वीस वर्षांनंतरचे कार्ड वीस वर्षांपूर्वीच्या रस्त्यावर धावत होते.

जीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे दिसते. फक्त कार्डावर भार देऊन पाहावे, कारण रिकामे असताना कार्ड वीज वाचवण्यासाठी मुद्दाम वेग कमी दाखवते. याच प्रोग्रॅमने आमचा दुसरा संशयही फेडला. जुन्या कार्डातली माहिती बदलून ते नव्या नावाने विकण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, इतके की २०१८ मध्ये या प्रोग्रॅमला अशी बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय करावी लागली. म्हणजे भाच्याचा संशय वेडगळ नव्हता. पण चिपचे नाव, मेमरी, रचना सगळे तपासले. कार्ड अस्सल होते.

रस्ता अरुंद असला तरी रोजच्या फेऱ्या कमी असतील तर निभावते. खरी कोंडी होते ती मेमरी भरल्यावर. कार्डाच्या ४ गिगाबाइटमध्ये खेळाचे सगळे टेक्स्चर, म्हणजे भिंती-रस्त्यांवरची नक्षी, मावले नाही, की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि दर वेळी याच अरुंद रस्त्याने आणावा लागतो. भाच्याने टेक्स्चर सर्वांत वरच्या दर्जावर ठेवले होते. "नवं कार्ड आहे म्हणून," तो ओशाळून म्हणाला. आम्ही ते मध्यम केले. गोठणे जवळजवळ थांबले.

सरासरी खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही

इथे एक गंमत झाली. टेक्स्चर कमी करूनही सरासरी फ्रेम जेमतेम दोनने वाढल्या. भाचा म्हणाला, "आकडा तर तोच आहे, मग एवढं बरं का वाटतंय?"

या प्रश्नाचे उत्तर २०११ चे आहे. तोपर्यंत बहुतेक परीक्षणे सेकंदाला सरासरी फ्रेम एवढाच आकडा देत. त्या वर्षी 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वासन यांनी एका सेकंदाच्या आत डोकवायला सुरुवात केली. प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचे. साठ फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम दहा-दहा मिलिसेकंदांत झाल्या आणि एका फ्रेमला ४०० मिलिसेकंद लागले. बेरीज ९९० मिलिसेकंद. सरासरी साठच्या वर! पण खेळणाऱ्याला जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठलेले दिसले, आणि तेवढ्यात गाडी झाडावर आदळली.

शिक्षकाला हे नव्याने सांगायला नको. वर्गाची सरासरी साठ टक्के म्हणून निकालपत्रक छान दिसते, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा नापास झालेला असतो.

झाकणाच्या आतले

बाकी तपासण्याही केल्या. मॉनिटरची वायर कार्डाच्याच पोर्टला आहे ना, हे आधी पाहिले. हसू नका. २०११ च्या आसपास प्रोसेसरच्या पोटातच साधे ग्राफिक्स येऊ लागले. त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टला वायर जोडली तरी पडद्यावर चित्र येते, माणूस समाधानी होतो आणि नवे कार्ड बाजूला पडून राहते. भाच्याने ही चूक केली नव्हती.

मग धूळ. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून व्हिडिओ केला होता. पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला. एएमडीचे अ‍ॅथलॉन जळाले. आजचे सगळे प्रोसेसर मंदावणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. त्यामुळे उष्णतेची तक्रार धुरातून कळत नाही, कमी झालेल्या फ्रेममधून कळते. आम्ही पंखा साफ केला, सुकून खडू झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली.

शेवटी रॅम. १९९५ मध्ये विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी इशारा दिला होता की प्रोसेसर ज्या गतीने वेगवान होत आहेत त्या गतीने मेमरी होत नाही, एक दिवस प्रोसेसर मेमरीच्या भिंतीवर जाऊन आदळेल. भाच्याच्या संगणकात ८ गिगाबाइटची एकच पट्टी होती. दोन पट्ट्या असल्या की मेमरीकडे जाणारे दोन मार्ग उघडतात. १३३३ वेगाच्या डीडीआर३ रॅमला एका पट्टीवर सेकंदाला सुमारे १०.६ गिगाबाइट मिळतात, जोडीवर २१ पेक्षा जास्त. माझ्याकडे मोडीतल्या संगणकाची त्याच जातीची एक पट्टी पडून होती. ती लावली.

मगरिबच्या सुमारास खेळ पन्नासच्या पुढे स्थिर चालला. पूर्ण रिझोल्युशनला, न गोठता. साठ नाही झाले. त्या प्रोसेसरवर आणि त्या रस्त्यावर होणारही नव्हते. पण त्यापैकी कुठलीच गोष्ट विकत घ्यावी लागली नाही.

ग्रुपवर न गेलेला मजकूर

दूल्हाभाई दिवसभर टेम्पो चालवून आले होते. त्यांनी एकच विचारले, "म्हणजे पैसे बुडाले की नाही?" मी म्हणालो, "बुडाले नाहीत, थोडे आधी खर्च झाले." पुढेमागे बोर्ड आणि प्रोसेसर बदलला की हेच कार्ड खुलेल. पण हिशेबाने पाहिले तर तेवढ्याच पैशांत आधी जुना प्रोसेसर-बोर्ड बदलायला हवा होता, हेही खरे. विकणाऱ्याने 'कुठल्या मशीनला लावणार?' असे विचारले नाही. भाच्यानेही सांगितले नाही. दोघांची चूक आहे. पण चूक वेगळी आणि फसवणूक वेगळी. त्या मजकुरात भाच्याने एका माणसाच्या रोजीरोटीवर बोट ठेवले होते, आणि तपास काय केला होता? काहीच नाही. त्याने तो माझ्यासमोर पुसला. मी सांगितले म्हणून नव्हे. खिडकीतला पन्नास टक्क्यांचा आकडा त्याने स्वतः पाहिला होता.

घरी येताना मला माझाच एक जुना विद्यार्थी आठवला. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून आठवीला मराठी वर्गात आलेला. गणितात सतत नापास. वडिलांनी उधारी करून गणिताची शिकवणी लावली, मग दुसरी लावली. गुण हलले नाहीत. सगळे म्हणाले, पोराचे डोके चालत नाही. मीही म्हणालो होतो. वर्ष संपताना एकदा मी त्याला तोच प्रश्न उर्दूत वाचून दाखवला, आणि त्याने दोन मिनिटांत सोडवला. गणित त्याला येत होते. गणितापर्यंत जाणारा रस्ता मराठीचा होता आणि तो अरुंद होता. आम्ही वर्षभर तवा बदलत राहिलो.

भाच्याच्या मशीनला मी पाच तास दिले. त्या मुलाला वर्षभरात पाच मिनिटे दिली नव्हती. आता नवा मुलगा वर्गात मागे पडताना दिसला, की शिकवणी सुचवण्याआधी मी तोच पहिला प्रश्न विचारतो : हा नेमका कशाची वाट बघत अडला आहे?